कंपनी : शब्दार्थ आणि इतिहास

समान उद्दिष्टासाठी एकत्र आलेल्या व्यक्तींचा समूह. विशेषतः व्यापार वा उद्योग करण्यासाठी अनेकांचे भांडवल एकत्र करून स्थापन झालेली व कायद्याने सभासदांहून स्वतंत्र अस्तित्व मान्य केलेली संस्था. हा मूळ इंग्रजी शब्द अठराव्या शतकापर्यंत मराठी व्यवहारात रुळला होता. व्यापारी मंडळ, राज्यकर्ती सत्ता, सैन्याची तुकडी, नाटकाचा फड, कारखाना आणि सोबत असे त्याचे अनेक अर्थ मराठीत निरनिराळ्या काळी रूढ झाले. आरंभी हा शब्द माणसांच्या सहवासाचा वाचक होता. पुढे तो त्या माणसांपासून वेगळ्या अशा कायदेशीर व्यक्तीचा वाचक बनला. या स्थित्यंतराबरोबरच समूहाच्या नावाने केलेल्या कृत्याची जबाबदारी कोणावर, हा प्रश्नही बदलत गेला.

व्युत्पत्ती : उत्तरकालीन लॅटिन भाषेतील ‘कोंपानिओ’ हा शब्द ‘कुम्’ (सह) आणि ‘पानिस’ (भाकरी, पाव) या दोन शब्दांपासून बनला असून एकत्र भाकरी खाणारा, म्हणजे सोबती, असा त्याचा अर्थ होतो. फ्रँक लोकांच्या सहाव्या शतकातील ‘लेक्स सालिका’ या कायदेसंग्रहात त्याचे जुने रूप आढळते. जर्मानिक भाषांतील याच घडणीच्या शब्दाचे ते लॅटिन रूपांतर असावे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. गॉथिक भाषेतही भाकरीचा वाटेकरी या अर्थाचा शब्द होता. लॅटिनमधून प्राचीन फ्रेंचमध्ये आणि तेथून तेराव्या शतकात तो इंग्रजीत आला. सोबती या अर्थाचा ‘कंपॅनियन’ हा इंग्रजी शब्द याच मुळाचा आहे. व्यापारी संस्थेसाठी वापरला जाणारा जर्मन ‘गेझेलशाफ्ट’ हा शब्दही एका दालनात राहणारा सोबती या अर्थाच्या शब्दापासून बनला आहे, तर फ्रेंच ‘सोसिएते’ हा लॅटिन ‘सोसिउस’ (साथी) या शब्दापासून आलेला आहे. निरनिराळ्या भाषांतील या संज्ञांच्या मुळाशी भांडवल अथवा नफा यांची कल्पना नसून सहभोजन, सहवास व सख्य यांची कल्पना आहे. कोणी कोणाबरोबर जेवावे यावर ज्या समाजात पंक्तिव्यवहाराने सोयरीक व विश्वास ठरत असे, त्या समाजाला ही कल्पना अपरिचित नव्हती.

इंग्रजीतील अर्थविस्तार : प्रारंभी सोबत, मेळा, पाहुणेमंडळी अशा अर्थांनी वापरला जाणारा हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस सैनिकांच्या तुकडीलाही लावला जाऊ लागला. जहाजावरील सर्व खलाशी, नटांचा संच आणि एकाच धंद्यातील कारागिरांचा संघ यांनाही कंपनी म्हणत. लंडनमधील कापडविक्रेते, सोनार, मासळीविक्रेते इत्यादींचे संघ आजही ‘लिव्हरी कंपन्या’ म्हणून ओळखले जातात. त्यांच्यातील मानाचा क्रम १५१५ मध्ये ठरविण्यात आला. या संघांतील प्रत्येक सभासद स्वतःचा धंदा स्वतःच्या भांडवलावर करी. उमेदवारांचे शिक्षण, मालाची प्रत, परस्परसाहाय्य व धर्मकृत्ये यांपुरते संघाचे कार्य मर्यादित असे.

धंद्यातील भागीदारी या अर्थाचा विकास मुख्यतः इटलीत झाला. फ्लॉरेन्समधील ‘कोंपान्यिआ’ या बहुधा एका घराण्याभोवती उभारलेल्या भागीदारी पेढ्या होत्या. बार्दी व पेरुत्सी या त्यांतील सर्वांत मोठ्या पेढ्या. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याला दिलेली कर्जे बुडाली व इतर कारणांचीही भर पडली, त्यामुळे १३४० नंतरच्या दशकात त्या कोसळल्या. भागीदारांचे दायित्व अमर्याद असल्याने पेढीबरोबर घराणीही धुळीस मिळाली. एकत्र भाकरी खाणाऱ्यांनी ऋणही एकत्रच फेडावे, हा मूळ अर्थाला धरून असलेला नियम तेथे कायम होता.

भारतातील तुल्य संस्था : एकत्र येऊन व्यापार करण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. श्रेणी, पूग, निगम व गण या संज्ञा प्राचीन वाङ्‌मयात व कोरीव लेखांत आढळतात. भागीदारीच्या व्यवहाराला धर्मशास्त्रकारांनी ‘संभूयसमुत्थान’ असे नाव दिले असून मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत त्याचा समावेश होतो. नासिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इ. स. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील लेख आहे. भिक्षूंच्या चीवरादी खर्चासाठी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० व दुसरीकडे १,००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांवर दरमहा शेकडा अनुक्रमे एक व पाऊण असे व्याज ठरले होते. मूळ रक्कम परत घ्यावयाची नव्हती. म्हणजे तत्कालीन विणकर दिवंगत झाल्यावरही श्रेणी टिकेल, हे गृहीत धरले होते. मात्र या संस्था व नंतरच्या युरोपीय कंपन्या यांच्यात थेट परंपरा दाखविता येत नाही.

सनदी कंपन्या : सोळाव्या शतकात दूरच्या सागरी व्यापारासाठी लागणारे भांडवल व त्यातील धोका एका पेढीच्या आवाक्यापलीकडे गेला. त्यातून राजाकडून सनद मिळवून व्यापाराचा मक्ता घेणाऱ्या कंपन्या उदयास आल्या. त्यांचे दोन प्रकार होते : सभासदांनी समान नियम पाळून आपापला व्यापार वेगळा करावयाचा, ही ‘नियमित’ कंपनी, आणि सर्वांचे भांडवल एकत्र गुंतवून नफा वाटून घ्यावयाचा, ही ‘संयुक्त भांडवली’ कंपनी. रशियाशी व्यापार करणाऱ्या मस्कोव्ही कंपनीला १५५५ मध्ये मिळालेली सनद ही दुसऱ्या प्रकाराची आरंभीची उदाहरणे म्हणून सांगितली जाणाऱ्यांपैकी एक होय. इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीला ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी पहिली एलिझाबेथ हिने सनद दिली. सनदेतील तिचे नाव ‘पूर्वेकडील देशांशी व्यापार करणाऱ्या लंडनच्या व्यापाऱ्यांचा गव्हर्नर व कंपनी’ अशा आशयाचे होते. कंपनी हा शब्द तेथे व्यापाऱ्यांच्या जथ्याचाच वाचक आहे. प्रारंभी प्रत्येक सफरीसाठी वेगळी वर्गणी गोळा करीत व सफर संपताच भांडवल आणि नफा वाटून टाकीत. भांडवल कायम ठेवण्याची पद्धत १६५७ च्या सनदेनंतर स्थिर झाली. डच कंपनीची (१६०२) स्थापना मात्र आरंभापासूनच मोठ्या व दीर्घ मुदतीच्या भांडवलावर झाली आणि ॲम्स्टरडॅम येथे तिच्या भागांची खरेदी-विक्री सुरू झाली. पोर्तुगीजांनी १६२८ मध्ये स्थापिलेली कंपनी पाच वर्षांतच बंद पडली, तर फ्रेंच कंपनी १६६४ मध्ये स्थापन झाली.

भांडवल स्थायी झाले व भाग हस्तांतरणीय झाले, तेव्हा शब्दाच्या अर्थात मूलगामी बदल झाला. भाग विकत घेणाऱ्यास इतर भागधारकांची ओळख असण्याचे कारण उरले नाही. माणसे बदलत राहिली, तरी कंपनी तीच राहू लागली.

कंपनी सरकार : महाराष्ट्राला या शब्दाचा परिचय झाला तो सत्ताधारी व्यापाऱ्यांच्या रूपाने. मुंबई बेट १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने सालीना दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविले आणि १६८७ मध्ये कंपनीने पश्चिम किनाऱ्यावरील आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले. या व्यापाऱ्यांचे वेगळेपण मराठी राज्यकर्त्यांच्या ध्यानात आले होते. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१५) सावकारांचा परामर्श घेताना टोपीकरांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. ते इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्यामागे त्यांचे राज्यकर्ते धनी आहेत. त्यांना भूमीचा लोभ आहे. म्हणून वखारीस जागा द्यावयाचीच झाल्यास ती किनाऱ्यापासून व किल्ल्यांपासून दूर, बंदोबस्ताने द्यावी, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. व्यापारी मंडळ व राज्य यांची ही सरमिसळ इतक्या स्पष्टपणे ओळखणारे तत्कालीन भारतीय लेखन विरळाच म्हणावे लागेल.

जुन्या मराठी लेखनात या शब्दाची ‘कुंपणी’, ‘कुंपिणी’ अशी रूपे आढळतात. कुंपण या मराठी शब्दाशी त्यांचे केवळ ध्वनिसाम्य आहे. त्याचप्रमाणे कवायती फौजेच्या पलटणींना लावला जाणारा व आज टोळके या अर्थी उरलेला ‘कंपू’ हा शब्द छावणी या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला असून त्याचाही कंपनीशी संबंध नाही. ‘कंपनी बहादूर’ व ‘कंपनी सरकार’ ही बिरुदे मात्र या शब्दापासूनच रूढ झाली. जणू एखादी मानी व्यक्तीच असावी, अशा रीतीने तहनाम्यांत व अर्जांत कंपनीचा उल्लेख होत असे.

ही कंपनी म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न पुणे दरबाराला प्रत्यक्ष व्यवहारात पडला. मुंबईच्या कौन्सिलने मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावाशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने तो अमान्य करून पुण्याच्या कारभाऱ्यांशी मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला; आणि लंडनच्या संचालकांनी सुरतेच्या तहाला अनुकूलता दर्शविली. एकाच नावाने तीन ठिकाणांहून परस्परविरोधी वचने दिली गेली. या घोटाळ्यातून चिघळलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबले. वसईचा तह (१८०२), पेशवाईचा अंत (१८१८) व सातारचे राज्य खालसा होणे (१८४८) या घटनांनंतर ‘कंपनी’ हा शब्द महाराष्ट्रात राज्यसत्तेचाच पर्याय बनला. १८३५ च्या नाणेविषयक कायद्यानुसार पाडलेल्या रुपयांवर कंपनीचे नाव होते. तिच्या अधिकाऱ्यांसाठी भारतीय चित्रकारांनी काढलेल्या चित्रांची शैली ‘कंपनी शैली’ म्हणून कलेतिहासात ओळखली जाते.

विशेष म्हणजे याच काळात ही कंपनी धंदा करीनाशी झाली. १८१३ च्या कायद्याने भारतातील व्यापाराचा तिचा मक्ता चहा व चीनचा व्यापार वगळता संपला आणि १८३३ च्या कायद्याने तिचा सर्व व्यापार बंद झाला. साठ लक्ष पौंडांच्या भांडवलावर दरसाल साडेदहा टक्के, म्हणजे ६,३०,००० पौंड, लाभांश भारताच्या महसुलातून देण्याची हमी त्या कायद्याने भागधारकांना मिळाली. व्यापार न करणाऱ्या कंपनीचा लाभांश शेतसारा भरणाऱ्या रयतेकडून वसूल होऊ लागला. १८५८ मध्ये राज्यकारभार ब्रिटिश राणीच्या नावे गेल्यावरही लाभांश चालूच होता. भागधारकांची देणी भागवून १ जून १८७४ रोजी कंपनी विसर्जित झाली.

कायदेशीर अर्थ : सनदेवाचून संयुक्त भांडवली मंडळे काढण्यास इंग्लंडमध्ये १७२० च्या ‘बबल ॲक्ट’ने बंदी घातली. त्याच वर्षी साउथ सी कंपनीच्या भागांच्या किंमती कोसळून असंख्य लोक बुडाले. दुसऱ्याच्या पैशांचा कारभार करणारे संचालक तो स्वतःच्या पैशांइतक्या दक्षतेने करणार नाहीत, असा आक्षेप ॲडम स्मिथ याने १७७६ मध्ये घेतला. औद्योगिक क्रांतीनंतर रेल्वे, कालवे व गिरण्या यांसाठी भांडवलाची निकड वाढली आणि १८२५ मध्ये ही बंदी उठली. १८४४ च्या कायद्याने केवळ नोंदणी करून कंपनी स्थापण्याची सोय झाली. १८५५ च्या कायद्याने भागधारकांचे दायित्व त्यांच्या भागांच्या रकमेपुरते मर्यादित करण्यास मुभा दिली आणि १८६२ च्या कायद्याने ही सर्व व्यवस्था एकत्र आणली. ‘लिमिटेड’ अथवा ‘मर्यादित’ हा शब्द कंपनीच्या नावाअखेर येतो तो ऋणकोला मिळालेले भूषण म्हणून नव्हे, तर धनकोला दिलेली सूचना म्हणून.

कंपनीचे पृथक अस्तित्व हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सॉलोमन खटल्यातील निर्णयाने (१८९६) निःसंदिग्ध झाले. ॲरन सॉलोमन या चर्मपादत्राणांच्या व्यावसायिकाने आपला धंदा एका कंपनीला विकला. सातजणांची कायदेशीर अट पुरी करण्यासाठी तो, त्याची पत्नी, मुलगी व चार मुलगे सभासद झाले; २०,००७ भागांपैकी २०,००१ एकट्या सॉलोमनचे होते. कंपनी बुडाल्यावर तिच्या धनकोंनी त्याला वैयक्तिक रीत्या जबाबदार धरण्याची मागणी केली. ती अमान्य झाली. रीतसर नोंदलेली कंपनी ही सभासदांहून निराळी व्यक्ती आहे, मग तिच्यातील सर्व हितसंबंध एकाच माणसाचा का असेना, असा दंडक या निर्णयाने घालून दिला. सोबत हा अर्थ असलेल्या शब्दाला आता सोबत्याची गरज उरली नाही. भारताच्या २०१३ च्या कंपनी अधिनियमाने तर ‘एकल व्यक्ती कंपनी’ हा प्रकारच मान्य केला आहे. मूळ धात्वर्थाच्या दृष्टीने ही संज्ञा वदतोव्याघात ठरते.

भारतातील कायदा व मुंबईचा अनुभव : भारतात कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० मध्ये झाला. १८५७ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाचे तत्त्व आणले. मात्र बँकांना ते १८६० पर्यंत लागू नव्हते. त्यानंतर १८६६, १८८२ व १९१३ चे कायदे आले. स्वातंत्र्योत्तर काळात भाभा समितीच्या शिफारशींच्या आधारे १९५६ चा सर्वंकष अधिनियम झाला. त्याची जागा आता २०१३ च्या अधिनियमाने घेतली आहे. या अधिनियमातील ‘कंपनी’ची व्याख्या लक्षणीय आहे : या किंवा पूर्वीच्या कंपनीविषयक कायद्याखाली स्थापन झालेली ती कंपनी, एवढेच ती सांगते. समूह, उद्दिष्ट, नफा यांपैकी कशाचाही त्यात निर्देश नाही. कंपनी ही कायद्याने व्यक्ती असली, तरी संविधानाच्या अर्थाने नागरिक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिला.

मुंबईत या शब्दाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नवे तेज आले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची (१८४९) पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिलेल्या कंपनीमुळे मुंबईत यांत्रिक कापडगिरणीचा पाया घातला गेला. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचा भाव वाढून शहरात पैशाचा पूर आला, तेव्हा समुद्र हटविण्याच्या कंपन्यांसह अनेक कंपन्या निघाल्या व त्यांच्या भागांवर सट्टा सुरू झाला. युद्ध थांबताच भाव कोसळले. वायद्याच्या व्यवहारांची १ जुलै १८६५ ही मुदत येताच अनेक धनाढ्य व्यापारी नादार ठरले. या तेजीचे सूत्रधार मानले गेलेले प्रेमचंद रायचंद हेही त्यांत सापडले. मर्यादित दायित्वाचा कायदा हाती असूनही उसन्या पैशांवर भाग घेणाऱ्यांना त्याचा आसरा मिळाला नाही.

मंडळी आणि कंपनी : कंपनी या शब्दाला मराठीत सर्वांत जवळचा प्रतिशब्द मिळाला तो ‘मंडळी’. घरची मंडळी, जमलेली मंडळी या प्रयोगांत तो आपुलकीचा आहे. जुन्या पिढीतील पुरुष तर पत्नीचा निर्देशही ‘आमची मंडळी’ असा करीत. पेढीच्या नावातील ‘अँड कंपनी’ म्हणजे नाव घातलेल्या मालकाखेरीज उरलेले भागीदार. त्याचा मराठी अवतार ‘आणि मंडळी’ असा झाला. मुंबईतील ‘दामोदर सावळाराम आणि मंडळी’ ही प्रकाशनसंस्था हे त्याचे परिचित उदाहरण होय. गुजरातीत सहकारी संस्थेला आजही ‘सहकारी मंडळी’ म्हणतात.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे सीतास्वयंवराचा प्रयोग केल्यानंतर गावोगाव नाटकमंडळ्या निघाल्या. किर्लोस्कर नाटक मंडळी (१८८०), गंधर्व नाटक मंडळी (१९१३) अशी त्यांची अधिकृत नावे ‘मंडळी’ या शब्दानेच संपत. परंतु बोलण्यात त्यांना ‘नाटक कंपनी’ हेच नाव पडले. नट, गवय्ये, साजिंदे, पडदे ओढणारे व आचारी यांचे बिऱ्हाड एकत्र असे आणि जेवणाची पंगतही एकत्र बसे. एकत्र भाकरी खाणारे या मूळ अर्थाला नाटक कंपनीइतकी जवळची संस्था आधुनिक महाराष्ट्रात दुसरी सापडणार नाही. दायित्वाच्या बाबतीतही ती जुन्या वळणाची होती. बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत गंधर्व मंडळी सुरू झाली. पुढे अन्य भागीदार दूर झाले व मंडळीवर मोठे कर्ज चढले. ते फेडण्याची जबाबदारी बालगंधर्वांनी स्वतःवर घेतली. मर्यादित दायित्वाचे संरक्षण या कंपनीला नव्हते. मालकाचे नाव हीच तिची पत होती.

चित्रपटव्यवसायाने नाटकाकडून हा शब्द उचलला. बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल व केशवराव धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ती १९३३ मध्ये पुण्यास आली. नावात कंपनी असली, तरी तिचा आरंभ पाच जणांच्या भागीदारीने झाला होता. ‘कंपनी’ हे बिरुद आणि ‘कंपनी’ ही कायदेशीर संस्था यांतील हा फरक महाराष्ट्रातील अनेक जुन्या पेढ्यांच्या नावांत आढळतो.

प्रचलित प्रयोग : विसाव्या शतकात औद्योगिक वसाहतींच्या परिसरात कंपनी म्हणजे कारखान्याची वास्तू व तेथील नोकरी असा अर्थ दृढ झाला. ‘कंपनीत लागला’, ‘कंपनी सुटली’, ‘कंपनीचा भोंगा झाला’ या बोलण्यात भागधारक वा संचालक यांचा विचार नसतो. तेथे कंपनी ही एक जागा आहे. बाजारात ‘कंपनीचा माल’ म्हणजे नामांकित उत्पादकाचा, खात्रीचा माल. सुट्या वा स्थानिक मालाहून तो वेगळा. लष्करात पायदळाच्या पलटणीचा सामान्यतः शंभर ते दीडशे सैनिकांचा विभाग, तसेच राखीव पोलीस दलाची तुकडी, या अर्थी हा शब्द पारिभाषिक आहे. ‘कंपनी देणे’ म्हणजे सोबत करणे, हा इंग्रजीवरून आलेला प्रयोग शहरी मराठीत रुळला असून त्यात शब्दाचा सर्वांत जुना अर्थ पुन्हा डोकावतो.

समानार्थी मानल्या जाणाऱ्या काही संज्ञांचे कायद्यातील अर्थ भिन्न आहेत. ‘फर्म’ हा शब्द सही या अर्थाच्या इटालियन शब्दापासून आला असून १९३२ च्या भागीदारी अधिनियमाप्रमाणे भागीदारांचा समूह असा त्याचा अर्थ आहे. पेढी हा त्याचा मराठी पर्याय होय. ‘कॉर्पोरेशन’ला मराठीत निगम वा महामंडळ म्हणतात, ते बहुधा स्वतंत्र कायद्याने स्थापन होते. सहकारी संस्थांच्या नावापुढेही ‘मर्यादित’ हा शब्द लागतो, परंतु त्यांची नोंदणी महाराष्ट्रात १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली होते व त्या कंपन्या नव्हेत. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणजे जिचे भाग सर्वसामान्य जनतेस विक्रीस काढता येत नाहीत अशी खाजगी कंपनी. तिला किमान दोन, तर सार्वजनिक कंपनीला किमान सात सभासद लागतात.

अर्थ आणि दायित्व : पृथक अस्तित्वाच्या तत्त्वामुळे अपरिचितांचे भांडवल एकत्र येऊन मोठे उद्योग उभे राहिले, हे निर्विवाद आहे. त्या तत्त्वाची दुसरी बाजू २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथे विषारी वायूची गळती होऊन हजारो माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा प्रकर्षाने पुढे आली. कारखाना युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या भारतीय कंपनीचा होता. तिचे निम्म्याहून किंचित अधिक भाग अमेरिकन मूळ कंपनीकडे होते. उपकंपनी ही वेगळी व्यक्ती असल्याने तिच्या कारखान्यातील अपघाताचे उत्तरदायित्व आपल्यावर येत नाही, अशी मूळ कंपनीची भूमिका होती. अखेर १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. ही भरपाई वाढवून मिळावी अशी केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. पुणे दरबाराला अठराव्या शतकात पडलेला ‘कंपनी म्हणजे कोण’ हा प्रश्न येथे निराळ्या रूपात व अधिक दारुण परिस्थितीत उभा राहिला. २०१३ च्या अधिनियमाने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चाचे बंधन घातले आहे, तसेच कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना वैयक्तिक रीत्या जबाबदार धरण्याच्या तरतुदी केल्या आहेत. कंपनी या व्यक्तीमागील माणसे दृष्टीआड होऊ नयेत, हा त्यांमागील हेतू होय.

याच्या उलट दिशेचा एक प्रयत्न ‘उत्पादक कंपनी’च्या रूपाने झाला. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन किमान दहा शेतकऱ्यांना वा अन्य प्राथमिक उत्पादकांना अशी कंपनी स्थापण्याची मुभा मिळाली. तिच्यात भाग कितीही असले, तरी सर्वसाधारणपणे प्रत्येक सभासदास एकच मत असते आणि सभासद होण्यास उत्पादक असावे लागते. महाराष्ट्रात अशा शेतकरी उत्पादक कंपन्या मोठ्या संख्येने स्थापन झाल्या असून नासिक जिल्ह्यातील मोहाडी येथील सह्याद्री ही त्यांतील विशेष प्रसिद्ध होय. त्यांतील सर्वच यशस्वी झालेल्या नाहीत. भांडवलाची चणचण व व्यवस्थापनाचा अनुभव नसणे या अडचणी त्यांना भेडसावतात. तथापि ज्या शब्दाने एके काळी रयतेकडून महसूल वसूल केला, तोच शब्द शेतकरी आज आपल्या संस्थेच्या नावात स्वेच्छेने घालतात. परस्परांना ओळखणाऱ्या, एकाच शिवारात राबणाऱ्या माणसांचा समूह असा अर्थ त्या नावातून पुन्हा व्यक्त होतो आणि या शब्दाचा तोच सर्वांत जुना अर्थ आहे.